मैफलीचे प्रकाशचित्र: पात्र की सभ्य?

चालू मैफलीत प्रकाशचित्रे टिपणारा माणूस गाणे ऐकत असतो की नाही, हा प्रश्न कॅमेऱ्याहून पुष्कळ जुना आहे. भारतीय रसविचारात तो नटाच्या संदर्भात विचारला गेला. रंगमंचावर शोक दाखवणारा नट स्वतः करुण रसाचा आस्वाद घेतो का? दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत नकारार्थी उत्तर दिले. नट हे आस्वादाचे साधन आहे. पेल्याला मद्याची चव कळत नाही, तशी नटाला रसाची. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त मात्र एक वाट मोकळी ठेवली. नट काव्यार्थाचे भावन करत असेल, तर त्यालाही सभ्यांत, म्हणजे प्रेक्षकांत, स्थान मिळते. मैफलीच्या प्रकाशचित्रकाराचा प्रश्न नेमका इथे येऊन बसतो. तो पेल्यासारखे नुसते पात्र आहे की सभ्य? आणि तोच मंच, तेच तंबोरे, तोच मागचा काळा पडदा वर्षानुवर्षे पाहूनही त्याची नजर ताजी राहायची असेल, तर ती कशाच्या बळावर?

त्याच्या सभ्य असण्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतली दोन मंचासमोर गुडघ्यावर बसलेल्या कॅमेरावाल्याला तंतोतंत लागू पडतात. एक विघ्न स्वतःच्या सुखदुःखात अडकून पडण्याचे. बॅटरी संपत आली आहे, पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचे डोके मध्ये येते आहे, उद्या वृत्तपत्राला चित्र द्यायचे आहे, अशा चिंता ज्याच्या मनात आहेत त्याच्या कानांवर मारवा पडतो, पण आत पोचत नाही. दुसरे विघ्न मुख्य आणि गौण यांची गल्लत होण्याचे. मन प्रधान गोष्टीवर विसावले नाही तर आस्वाद होत नाही, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे आकडे प्रधान होऊन बसायला फार वेळ लागत नाही. स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेल्या प्रेक्षकाला बाहेर काढण्यासाठी अभिनवगुप्ताने जे उपाय सांगितले, त्यांत संगीतही आहे. म्हणजे ज्या व्याधीने प्रकाशचित्रकार ग्रासलेला असतो तिचे औषध त्याच्या समोरच चालू असते.

हे औषध लागू पडते याचा पुरावा तत्त्वज्ञानात शोधण्याची गरज नाही, तो कारागिरीत सापडतो. ख्यालाच्या मैफलीत सर्वांत बोलके क्षण समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, आसपास येतात. विलंबित एकतालाची आवर्तने बारा मात्रांची असतात आणि लय अतिविलंबित असेल तर एका आवर्तनाला मिनिटभरही लागू शकते. त्या मिनिटात गायक आलाप विस्तारतो, मग मुखडा उचलतो आणि समेवर येतो. मुखडा उचलताना त्याची नजर बहुधा तबलजीकडे वळते, हात वर जातो, साथीदारांच्या माना एकाच दिशेने कलतात. सम आली की श्रोत्यांचे हात आणि तोंडून निघणारी दाद यांची एक लाट उठते. ज्याला ताल कळतो त्याला हे सारे कधी येणार ते दहा-बारा सेकंद आधी ठाऊक असते. ज्याला कळत नाही तो टाळ्यांचा आवाज ऐकून बटण दाबतो, आणि त्याच्या हाती दाद संपल्यावरचे चेहरे लागतात. तिहाई तर उघड सूचनाच देते. तोच बोल तीनदा येणार आणि तिसऱ्याची अखेर समेवर पडणार, एवढे ज्ञान असले तरी तबल्याच्या एकलवादनातली पुष्कळ चित्रे साधतात.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच प्रकाशचित्रकाराच्या १९५२ सालच्या पुस्तकामुळे ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना जगभर रूढ झाली. पुढे तिचा अर्थ बराचसा चपळाईपुरता उरला. स्वतः कार्तिए-ब्रेसाँ मात्र झेन धनुर्विद्येवरच्या ऑयगेन हेरिगेलच्या पुस्तकाचे ऋण मानत असे, आणि त्या पुस्तकाचा भर घाईवर नाही. धनुर्धराने बाण सोडायचा नाही, तो सुटू द्यायचा, अशी ती शिकवण आहे. मैफलीच्या बाबतीत ही गोष्ट गूढ राहत नाही, कारण इथे क्षण तालाने बांधलेला असतो. कान तयार झाला की बोट आपोआप दबते. या विषयात शिकणाऱ्याने पहिल्या वर्षात नवीन लेन्सपेक्षा ठेका ओळखण्यावर अधिक वेळ घालवावा, असे म्हणण्याचे कारण हेच.

तांत्रिक बाजू तुलनेने थोडक्यात आटोपते. मंचावरचा उजेड डोळ्यांना भरपूर वाटला तरी कॅमेऱ्याला अपुराच असतो. म्हणून एफ २.८ किंवा त्याहून मोठे छिद्र देणारी लेन्स, १६०० ते ६४०० आयएसओ आणि गायनाच्या प्रकृतीप्रमाणे बदलणारा शटरचा वेग, ही नेहमीची मांडणी. आलापीत १/१२५ सेकंद पुरतो. द्रुत तानांत हात आणि तबलजीची बोटे थिजवायची असतील तर १/२५० ते १/५०० लागतो. ती थिजवावीतच असेही नाही. बोटांची किंचित पुसट रेघ लय सांगते, पूर्ण गोठलेली बोटे काहीच सांगत नाहीत. मागे काळा पडदा आणि अंगावर पांढरा कुर्ता असला की कॅमेऱ्याचा स्वयंचलित मापक फसतो. काळोख उजळण्याच्या नादात तो चेहरा जाळून टाकतो, म्हणून चेहऱ्यापुरते मोजमाप घ्यावे किंवा सगळे हाताने ठरवावे. लाल-निळ्या एलईडी दिव्यांत त्वचेचा तपशील एका रंगात बुडून जातो. अशा वेळी पांढरा उजेड येईपर्यंत थांबणे हा उत्तम उपाय. माईक समोरून तोंड झाकतो, त्यामुळे थोडे बाजूला बसावे. आकार लावलेला उघडा जबडा क्वचितच शोभतो. स्वर सोडल्यानंतरचा निमिष चांगला. फ्लॅश मात्र वापरूच नये. पाश्चात्त्य रॉक मैफलींत पहिली तीन गाणी, तीही फ्लॅशविना, असा रिवाज आहे. शास्त्रीय मैफलीत असा लिखित नियम नसला तरी शटरचा आवाज आलापीत ठळक ऐकू येतो. मिररलेस कॅमेऱ्यांच्या निःशब्द शटरने ही अडचण सोडवली, पण एलईडीच्या उजेडात त्याच शटरमुळे चित्रावर पट्टे उमटू शकतात, हे आधी तपासून घ्यावे लागते.

यापुढचा प्रश्न अवघड आहे. संगीत काळात उलगडते. चित्राला काळच नसतो. एका निमिषात यमन नाही, भैरवी नाही. गंधार ऐकू येतो तेव्हा आधीचा रिषभ स्मृतीत असतो आणि पुढचा तीव्र मध्यम अपेक्षेत. एवढ्या तिघांनी मिळून जे होते ते एका फ्रेममध्ये कसे यावे? क्षणिकवादी बौद्ध म्हणतील की प्रत्येक क्षण हाच काय तो खरा, सातत्य ही बुद्धीची जोडणी. कॅमेरा या मताचा जणू साक्षीदार आहे. मीमांसकांनी या मताला विरोध केला तो ध्वनीचेच उदाहरण घेऊन. एखादा शब्द आठ वेळा उच्चारला तर लोक आठ शब्द झाले असे म्हणत नाहीत, एकच शब्द आठदा उच्चारला असे म्हणतात, हे शबरस्वामींनी दाखवून दिले. ऐकणारा प्रत्येक वेळी तोच शब्द ओळखतो, आणि या ओळखीवर, प्रत्यभिज्ञेवर, शब्दाच्या नित्यत्वाचा सिद्धान्त उभा राहतो. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त आणखी वेगळी मांडणी केली. ध्वनी क्रमाने येतात, पण त्यांतून स्फुरणारा अर्थ अखंड असतो, त्याला क्रम नसतो.

मैफलीच्या प्रकाशचित्राला भर्तृहरीचा मार्ग सर्वांत जवळचा वाटतो. चांगले चित्र रागातला एक तुकडा कापून दाखवत नाही. क्रमाने येऊन गेलेल्या स्वरांचा गायकाच्या चेहऱ्यावर, खांद्यांत, साथीदाराच्या मानेत जो एकत्र परिणाम साठतो तो ते दाखवते. भीमसेन जोशींचे गाणे शरीरभर दिसत असे. किशोरी आमोणकर स्वरमंडळ घेऊन बहुधा डोळे मिटून गात. दोघांच्या चित्रांतून स्वर ऐकू येत नाही, तरी त्यांनी स्वराकडे जाण्याच्या वाटा किती वेगळ्या होत्या हे कळते. ज्याने ते गाणे ऐकले आहे त्याला चित्र पाहून प्रत्यभिज्ञा होते. ज्याने ऐकले नाही त्याच्यासाठी चित्र अपुरे राहते, आणि ते अपुरेपण मान्य करण्यात कमीपणा नाही.

हे अपुरेपण किती खोल असू शकते याची दोन उदाहरणे महाराष्ट्राच्या संगीतातच आहेत. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ १९४६ साली वारले. भास्करबुवा बखले १९२२ साली. कलकत्त्यात १९०२ मध्ये गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले होते, म्हणजे तंत्र उपलब्ध होते, तरी या दोघांचे गाणे आज ऐकायला मिळत नाही. त्यांची चित्रे मात्र आहेत. पगडी, मिशा, रोखलेली नजर, सारे जपलेले. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थने १९८० साली लिहिले होते की प्रकाशचित्राचा गाभा ‘हे होते’ या साक्षीत आहे. अल्लादिया खाँचे चित्र ही साक्ष देते आणि त्याच वेळी काय गेले याचाही पुरावा होते. आवाज शिष्यांच्या गळ्यातून पुढे गेला: केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. चेहरा कागदावर राहिला. जतन करण्याचे दोन मार्ग होते आणि त्यांत गळ्याचा मार्ग श्रेष्ठ ठरला, हे प्रकाशचित्रकारालाही नाकारता येणार नाही. त्याच्या अहंकाराला ही गोष्ट पोषक नाही, पण त्याच्या कामाची जागा तिच्यामुळे नेमकी ठरते.

प्रेरणेचा विचार इथून सुरू करावा लागतो. सामान्य समजूत अशी की प्रेरणा आधी येते आणि काम मागाहून. संस्कृत काव्यशास्त्रात यावर मोठा वाद झाला. जगन्नाथ पंडिताच्या मते काव्याचे कारण एकच, प्रतिभा. दंडीने वेगळा दिलासा दिला. जन्मजात प्रतिभा नसली तरी अध्ययन आणि परिश्रम यांनी उपासना केली तर वाग्देवी काही ना काही कृपा करतेच. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शक्ती, लोकशास्त्रांच्या निरीक्षणातून येणारी निपुणता आणि जाणकारांच्या हाताखालचा अभ्यास अशी तिन्ही नावे घेतली, आणि ही तीन कारणे नसून तिघांचे मिळून एकच कारण आहे असे बजावले. यातली निपुणता प्रकाशचित्रकाराच्या बाबतीत फार दुर्लक्षित राहते. रागाची वेळ, घराण्याची चाल, कोणता गायक समेआधी थांबतो आणि कोणता सरळ उतरतो, साथीला कोण आहे, या माहितीला तांत्रिक अभ्यासाइतकेच वजन आहे. राजशेखराने प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले, निर्माण करणाऱ्याची कारयित्री आणि आस्वाद घेणाऱ्याची भावयित्री. मैफलीचा प्रकाशचित्रकार हा दोन्ही प्रतिभा एकाच वेळी लागणारा विरळा कारागीर आहे. बहुतेक जण पहिलीच्या मागे धावतात आणि दुसरी वाळून जाऊ देतात. मग ‘प्रेरणा संपली’ अशी तक्रार सुरू होते.

या तक्रारीचे निदान पतंजलीच्या योगसूत्रांत जवळजवळ तयार मिळते. चित्तविक्षेपाचे नऊ अंतराय तिथे सांगितले आहेत. आजार आणि आळस तर कोणालाही समजतात. प्रकाशचित्रकाराला ओळखीचे वाटतील ते तीन: स्त्यान, म्हणजे मनाचे जडत्व, अलब्धभूमिकत्व, म्हणजे कितीही करूनही पुढची पायरी हाती न लागणे, आणि अनवस्थितत्व, म्हणजे पायरी लागली तरी तिच्यावर न टिकणे. तिसऱ्याचा अनुभव सर्वांत बोचरा. एका रात्री अप्रतिम चित्रे मिळतात आणि पुढच्या महिन्यात तसे काहीच जमत नाही. अशा वेळी नवा कॅमेरा घेणे, नव्या कलाकारांच्या मागे धावणे, इतरांची चित्रे पाहत बसणे हे लोकप्रिय उपाय. पतंजलीचा उपाय याच्या अगदी उलट आहे: एका तत्त्वाचा अभ्यास. एकच कलाकार, एकच वाद्य किंवा एकच महोत्सव धरून वर्षानुवर्षे परत जाणे.

भारतातले या क्षेत्रातले ठळक काम असेच झाले आहे. दिल्लीचे अविनाश पसरिचा यांनी अनेक दशके गायक-वादक आणि नर्तकांची चित्रे काढली. रघु राय यांना कार्तिए-ब्रेसाँने १९७७ साली मॅग्नम या संस्थेसाठी सुचवले होते. युद्ध आणि भोपाळची वायुगळती टिपणाऱ्या या माणसानेही संगीतातल्या थोरांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. पुण्यात सतीश पाकणीकर यांचे नाव ‘सवाई’च्या मंडपाशी जोडले गेले आहे. हा महोत्सव भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केला. रात्रभर चालणारी त्याची सत्रे पुढे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे आखडली. २००० सालच्या या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आणले, आणि मध्यरात्रीच्या दरबारीबरोबर पहाटेच्या ललतासमोर बसलेले जागरणाने ओढलेले चेहरेही खुल्या मंडपातून गेले. एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे जाणाऱ्याच्याच संग्रहात असा बदल दिसतो. तरुण साथीदार म्हणून मागे बसलेला मुलगा पंधरा वर्षांनी मंचाच्या मध्यावर आलेला दिसतो, तोही त्यालाच. पुनरावृत्तीने कंटाळा येतो हे खरे. पण ऐकणाऱ्याला पुनरावृत्ती भेटतच नाही, कारण तोच राग तोच गायक दुसऱ्यांदा तसाच गात नाही.

योगसूत्रांत अभ्यासाच्या जोडीला वैराग्य येते, आणि डिजिटल काळात त्याची गरज वाढली आहे. फिल्मच्या एका रोलमध्ये ३६ चित्रे मावत. त्यामुळे थांबणे भागच होते. आता एका मैफलीत हजारो चित्रे निघतात आणि सगळी ठेवता येतात. सतत शटर दाबणारा माणूस ऐकण्यासाठी एकही आवर्तन मोकळे ठेवत नाही. ख्यालाच्या पहिल्या काही आवर्तनांत कॅमेरा मांडीवरच ठेवणे, ही वैराग्याची सर्वांत सोपी रीत. राग कळतो, गायकाच्या हालचालींची लकब कळते, आणि नंतर काढलेली थोडी चित्रे उपयोगाची निघतात. निवडीच्या वेळी अंगवळणी पडलेली देखणी चित्रे टाकून देणे यापेक्षा अवघड आहे, आणि तेही वैराग्यच.

धर्माचा प्रश्न इथे थेट येतो, कारण पुष्कळसे संगीत उपासना म्हणूनच गायले जाते. अमृतसरच्या हरमंदिर साहिबमधले कीर्तन रोज दूरचित्रवाणीवरून थेट दाखवले जाते, तरी आत गेलेल्या भाविकाला चित्र काढता येत नाही. म्हणजे आक्षेप प्रतिमेला नसून काढण्याच्या क्रियेला आहे: दर्शनाला आलेल्याचे चित्त संग्रहात गुंतू नये. वारकरी कीर्तनात असे बंधन बहुधा नसते, पण तिथेही टाळकरी आणि श्रोते यांच्यामधून सारखा उठबस करणारा कॅमेरावाला रंगाचा भंग करतो. योगसूत्रांतल्या यमांमधले अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, आणि अपरिग्रह, म्हणजे संग्रह न करणे, हे दोन निकष या बाबतीत पुरेसे आहेत. कलाकाराची संमती घेतली आहे का, आणि दुसऱ्याच्या ऐकण्यातून काही हिरावले जात आहे का? डोळ्यांत पाणी आलेला श्रोता गायकासारखा मंचावर बसण्याला राजी झालेला नसतो. त्याचे चित्र काढणे कायद्यात बसले तरी अस्तेयात बसेलच असे नाही.

असे असूनही श्रोत्यांकडे पाठ फिरवणे चूक ठरेल. अभिनवगुप्ताने रसाची जागा सहृदयाच्या मनात मानली; मग रस चित्रात यायचा तर तो श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरही शोधावा लागतो. अमेरिकन प्रकाशचित्रकार हर्मन लिओनार्डने १९४० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका क्लबात एला फिट्झजेराल्ड गात असताना काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यात समोरच्या टेबलाशी बसून ऐकणारा ड्यूक एलिंग्टन हसतो आहे. गाणारीइतकाच ऐकणारा त्यात महत्त्वाचा आहे, आणि त्या हसण्यावरून गाण्याचा दर्जा न ऐकताही कळतो. प्रकाशचित्रकार स्वतः सभ्य झाला असेल तरच त्याला असा दुसरा सभ्य ओळखता येतो. विश्वनाथाने ठेवलेल्या वाटेवरून तो आत आला की नाही, याची याहून चांगली परीक्षा नाही.

मैफलीच्या चित्रांच्या बाबतीत एक उणीव अजून भरून निघालेली नाही. जुन्या बैठकींच्या असंख्य चित्रांत मधल्या गायकाचे नाव असते. तबलजी, पेटीवाले आणि तंबोऱ्यावरचे शिष्य मात्र निनावी राहिले आहेत. ज्याने खरोखर ऐकले त्याला त्यांची नावे ठाऊक असतात. आज चित्रे काढणाऱ्यांनी घरी परतल्यावर त्याच रात्री प्रत्येक चित्राखाली तारीख, स्थळ, राग आणि मंचावरच्या प्रत्येकाचे नाव लिहून ठेवावे.